घोडे गेले, दरवाजे राहिले

१४ एप्रिलला मराठवाड्यातल्या अग्निशमन केंद्रांवर दोन वेगळी कामं असतात. संध्याकाळी आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीच्या वाटेवर एक गाडी भरून उभी ठेवायची. आणि सकाळी, गर्दी रस्त्यावर उतरण्याआधी, केंद्राच्या आवारात रांगेत उभं राहून १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात प्राण गमावलेल्या जवानांना मानवंदना द्यायची. अग्निशमन सेवा सप्ताह तिथून सुरू होतो आणि २० तारखेपर्यंत चालतो. शाळांमधली प्रात्यक्षिकं, मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या बैठका, पत्रकं हे सगळं त्या आठवड्यातलं.

१९४४ च्या त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोबत कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी माल ठेवायच्या दोन नंबरच्या खणातून धूर निघाला. दलाच्या जवानांनी त्या खणात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, पण आगीचं मूळ धुरात सापडलं नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांचं स्मारक भायखळ्याला, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे. ते जुनं केंद्र आजही कामावर आहे. स्मारकाच्या जवळूनच गाड्या बाहेर पडतात आणि तिथंच परत येतात.

यातल्या कापसापाशी मराठवाड्याच्या माणसानं थांबायला हवं. गाठीची आग वरून पाणी मारून विझत नाही, हे जालना, परभणी, सेलू, नांदेडच्या जिनिंगवाल्यांना सांगावं लागत नाही. एक गाठ साधारण १७० किलोची असते. कितीही दाबली तरी रुईच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते, आणि त्या हवेवर आग आत-आत सरकत जाते. कच्च्या रुईवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, म्हणून पाणी आत शिरण्याऐवजी वरून ओघळून जातं. गाठ बाहेरून काळी पडते, थंड लागते, सगळे घरी जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच ढिगातून ज्वाळा निघते. त्यामुळे पाण्यात ओलावा वाढवणारं द्रावण थोडं मिसळायचं, गाठ ओढून मोकळ्या मैदानात आणायची, पट्ट्या तोडायच्या, जळका थर आकड्यानं सोलून काढायचा आणि प्रत्येक थर भिजवत आत जायचं. भिजवलेली गाठ बाकी मालापासून दूर ठेवायची आणि काही दिवस तिच्यावर माणूस बसवायचा. ठिणगीचं कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं. कपाशीबरोबर आलेला खडा, खिळा किंवा विळ्याचा तुकडा जिनच्या रोलर आणि पात्याच्या मध्ये घासला जातो. चुंबक बसवून आणि वेचणीच्या जागी ताडपत्री अंथरून यातल्या पुष्कळ आगी टळतात. जहाजाच्या बंद खणात मात्र गाठी बाहेर ओढायला मोकळी जागाच नसते. भायखळ्याच्या स्मारकासमोर उभं राहताना हे माहीत असलं पाहिजे.

मुंबईत आग विझवण्याचं काम आधी पोलिसांकडे होतं. १ एप्रिल १८८७ ला ते नगरपालिकेकडे आलं. त्या काळातलं मुख्य यंत्र म्हणजे घोड्यांनी ओढायचा वाफेचा पंप. त्याच्या बॉयलरखाली लाकूड-कोळसा रचून तयार ठेवलेला असे. घंटा झाली की पेटवायचा, आणि घोडे जागेवर पोचेपर्यंतच्या सात ते दहा मिनिटांत कामापुरती वाफ तयार व्हायची. १९०७ मध्ये मोटारीचा बंब आला आणि १९२० पर्यंत घोडे गेले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाडहून हैदराबादकडे रेल्वे धावू लागली, स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले आणि आगीचं मोठं कारणही त्यांच्याबरोबर आलं. महानगरपालिका फार उशिरा झाल्या: औरंगाबादला १९८२, नांदेडला १९९७, लातूर आणि परभणीला २०११, जालन्याला २०२३. त्याआधीचा भार नगरपालिकांनीच वाहिला. पालिकेच्या आवारात, पाण्याच्या टाकीजवळ थाटलेलं केंद्र ही म्हणूनच आपल्याकडची ओळखीची गोष्ट.

जुनं केंद्र म्हणजे रंग देऊन जपायची इमारत नव्हे. तिची प्रत्येक गोष्ट कशावर तरी दिलेलं उत्तर आहे. ते उत्तर आजही चालतं का, हे एकेक करून तपासायचं असतं. चालत असेल तर हात लावायचा नाही. चालत नसेल तर भिंत न पाडता मार्ग काढायचा.

दरवाजांपासून सुरुवात करू. घोडागाडीसाठी आठ-नऊ फूट रुंदी पुष्कळ होती. आजच्या बंबाची नुसती बॉडी अडीच मीटर रुंद असते, दोन्हीकडचे आरसे धरले की जवळपास तीन मीटर. वर शिडी, दिव्यांची पट्टी, कधी मॉनिटर, म्हणजे छतावरची पाण्याची तोफ. उंची सव्वातीन मीटरच्या पुढे जाते. नवीन केंद्रात दरवाजा साडेतीन-चार मीटर रुंद आणि चार मीटरच्या वर उंच ठेवतात. जुन्या दगडी कमानीत एवढी जागा मिळत नाही, आणि कमानीची रुंदी वाढवणं म्हणजे वरच्या मजल्याचा भार नव्यानं पेलायचा. त्यापेक्षा गाड्या उभ्या करायच्या जुन्या खणांत छोटी गाडी, बचाव वाहन, रुग्णवाहिका ठेवावी आणि मोठा बंब मागच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभा करावा. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातल्या गल्ल्यांसाठी तशीही छोटीच गाडी लागते. दोन्ही बाजूंचे ओटे, खाली लोंबणाऱ्या तारा आणि पुढे उभ्या केलेल्या दुचाक्या यांतून मोठा बंब आत शिरतो, पण परत फिरत नाही.

जमिनीचाही विचार करावा लागतो. ४,५०० लिटर पाणी भरलेली गाडी सगळं मिळून पंधरा टनांच्या आसपास जाते. शहाबादी फरशी हा भार काही महिने सोसते, मग चाकांच्या रेषेत तडकते. फरशीखाली चुन्याचा कोबा असेल तर तो दबतो आणि धुण्याचं पाणी उताराऐवजी त्या खळग्यात साचतं. चाकांच्या दोन पट्ट्यांत तेवढं लोखंडी जाळीचं काँक्रीट घालायचं आणि मधली फरशी तशीच ठेवायची. हे सगळ्यात कमी खर्चाचं आणि टिकाऊ काम. भिंतींना मात्र सिमेंटचा गिलावा अजिबात देऊ नये. चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर टाकते. वर सिमेंट बसलं की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. सिमेंट चढवून भिंत ‘पक्की’ झाली असं मानणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षी ती भिंत पाहायला जावं.

घोड्यांच्या काळात साज छताला टांगलेला असे. घोडा दांड्यांच्या मध्ये आला की दोरी सोडायची, साज अंगावर पडायचा, दोन कड्या लावल्या की गाडी निघाली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसांसाठी सरकखांब होता. शिकागोत १८७८ मध्ये तो निघाला आणि पुढे जगभर गेला. वळणाचा जिना असण्यामागे एक साधी गरज सांगतात: सरळ जिन्यावरून घोडे वर चढत. हे सगळं वाचवायचं ते एक मिनिट. घंटा झाल्यापासून गाडीची चाकं दारातून बाहेर पडेपर्यंत साठ सेकंद, हा हिशेब आजही तोच आहे.

आज ते मिनिट खाऊन टाकणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती बाहेरून दिसत नाही: एअर ब्रेक. मोठ्या गाडीच्या ब्रेकला हवेचा दाब लागतो. एखाद्या सांध्यातून हळूहळू गळती होत असेल तर रात्रभरात टाक्या रिकाम्या होतात. पहाटे तीनला चालक इंजिन सुरू करतो, पण दाब पुरेसा चढेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत. दोन-तीन मिनिटं जागीच जातात आणि बंद खणात धूर भरतो तो वेगळाच. उपाय अगदी सोपा आहे. भिंतीवर एक छोटा कॉम्प्रेसर आणि बॅटरी चार्जर बसवायचा, दोन्हीच्या नळ्या-तारा गाडीला झटक्यानं सुटणाऱ्या जोडणीनं लावायच्या, म्हणजे गाडी हलली की त्या आपोआप सुटतात. जुन्या केंद्रात घोडा बांधायची लोखंडी कडी जिथं असते, बहुधा तिथंच ही जोडणी सोयीची पडते. पाळी बदलताना चालकानं दाबाचा काटा पाहून नोंदवहीत आकडा लिहायचा. तो आकडा रोज थोडा-थोडा उतरत असेल तर गळती शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो.

नव्या केंद्रांच्या नकाशांतून गळालेली गोष्ट म्हणजे होज (आगीवर पाणी नेणारी लांब लवचिक नळी) सुकवायचा मनोरा. ती गेल्याची खंत वाटते. होजची एक लांबी साधारण १५ मीटर. मधोमध अडकवली तर आठ मीटर उंची पुरते, पण मधल्या घडीत पाणी आणि ताण दोन्ही साचतात. एका कपलिंगला (टोकाच्या धातूच्या जोडणीला) धरून पूर्ण लांबीनं टांगली तरच आतलं पाणी निथळतं. त्याला सोळा-सतरा मीटर उंची हवी, म्हणून जुन्या केंद्रांना तो उंच मनोरा. पूर्वीचे सुती-कॅनव्हासचे होज ओले राहिले की बुरशीनं कुजायचे. आताच्या रबराचं अस्तर असलेल्या होजला तेवढी भीती नाही, तरी ओला गुंडाळलेला होज आतून चिकटतो आणि वरच्या विणीला डाग पडून ती कमजोर होते.

आमच्याकडच्या उन्हात मनोऱ्याची गरज काय, असा प्रश्न हमखास येतो. एप्रिल-मेच्या उन्हात होज तासाभरात सुकतो हे खरं. पण तापलेल्या फरशीवर पसरलेल्या होजचं रबर कडक होतं आणि सहा महिन्यांत घडीच्या रेषेवर बारीक चिरा दिसू लागतात. सुकवायचं ते सावलीत आणि वाऱ्यात. मनोऱ्यात नेमकं तेच मिळतं: खाली झरोके, वर झरोके, मध्ये चढती हवा. पावसाळ्यात तर दुसरी सोयच नसते. मनोरा नसेल तर निदान टाकीच्या खांबांच्या मध्ये कप्पी लावून टांगणी करावी.

आगीवरून परतल्यावर होज साध्या पाण्यानं आणि ब्रशनं घासायचा. तेल, ग्रीस, डिझेल लागलं असेल तरच सौम्य साबण. कपलिंग जमिनीवर आपटू द्यायचं नाही. टोकाला झालेली छोटीशी पोचसुद्धा दुसऱ्या टोकात बसत नाही, आणि ते कळतं तेव्हा आग समोर असते. मादी कपलिंगमधला रबरी वॉशर बोटानं दाबून पाहायचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी हाच वाळतो. वाळला की सांध्यातून फवारा उडतो, पुढचा दाब पडतो आणि नळी धरलेल्या माणसाला वाटतं की पंपात बिघाड आहे. प्रत्येक गाडीत दहा-बारा सुटे वॉशर ठेवावेत. गुंडाळताना घडी मागच्या वेळेपेक्षा चार बोटं सरकवायची. त्याच रेषेवर पुन्हा-पुन्हा घडी पडली की होज फुटतो तो तिथूनच. वर्षातून एकदा प्रत्येक लांबी दाबावर तपासून तिच्या क्रमांकापुढे तारीख टाकायची. उंदरांनी कुरतडलेला होजही त्याच दिवशी सापडतो.

आता पाणी. मुंबईचं केंद्र आणि मराठवाड्याचं केंद्र यांच्यातला खरा फरक इथं आहे. गोदीत लागलेल्या आगीला समुद्र जवळ असतो. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आलं. अशा उन्हाळ्यातही कडब्याच्या गंज्या, जिनिंगचे ढीग आणि मोंढ्यातली गोदामं पेट घेतच असतात.

नेहमीच्या बंबात ४,५०० लिटर पाणी असतं आणि पंप ७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबावर मिनिटाला १,८०० लिटर टाकू शकतो. पंप पूर्ण सोडला तर टाकी अडीच मिनिटांत संपते. तसं कुणी करत नाही. २० मिलिमीटरच्या नोझलमधून (होजच्या टोकाच्या तोटीतून) त्याच दाबाला मिनिटाला सुमारे ७०० लिटर जातं, म्हणजे साडेसहा मिनिटं. १२ मिलिमीटरच्या नोझलमधून सुमारे २५० लिटर, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं. समोर पाण्याचा साठा नसेल तर नोझलची निवड हीच आग विझवण्याची निम्मी अक्कल. पेटलेल्या गंजीवर मोठा फवारा मारणाऱ्यापेक्षा लहान नोझल धरून शेजारची गंजी ओली करणारा गावाचं जास्त वाचवतो.

साठा म्हणून विहीर असतेच की, असं गावकरी सांगतात. इथं बंबाच्या पंपाची मर्यादा समजून घ्यावी लागते. पंप पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा जास्तीत जास्त १०.३ मीटर पाणी चढवू शकते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून तिथं तोच आकडा साडेनऊच्या आसपास येतो. त्यातून नळीतलं घर्षण, तिच्या पाण्यातल्या टोकाला लावलेल्या जाळीचा अडथळा आणि उन्हाळ्यातलं कोमट पाणी वजा केलं की हातात सात मीटर राहतात. हे सात मीटरही जमिनीपासून मोजायचे नाहीत, पंपाच्या मध्यापासून मोजायचे. पंप रस्त्यापासून मीटरभर वर असतो. म्हणजे रस्त्याच्या पातळीखाली सहा मीटर, वीस फूट. एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या विहिरीचं पाणी चाळीस-पन्नास फुटांवर गेलेलं असतं. इंजिन कितीही पिळलं तरी ते वर येणार नाही.

पाणी टप्प्यात असूनही पंप पकडत नसेल तर कारणं ठरलेली असतात. सक्शनच्या (पाणी आत घेणाऱ्या नळीच्या) दोन तुकड्यांमधला वॉशर नीट बसलेला नसतो. डिलिव्हरीचा (पाणी बाहेर सोडणारा) एखादा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिलेला असतो. नळी मध्येच पंपापेक्षा उंच उचलली गेलेली असते आणि तिथं हवा साठते. किंवा जाळी पाण्यात पुरेशी बुडालेली नसते. ती निदान फूट-दीड फूट खाली हवी, नाहीतर वर भोवरा फिरतो आणि त्यातून हवा शिरते. जाळी गाळात टेकली तर उलटी अडचण. म्हणून जाळीला वेताची टोपली आणि वरून दोर बांधून ती अधांतरी धरतात. निर्वात काटा चढतो पण पाणी येत नाही, तर जाळी तुंबली आहे किंवा पाणी टप्प्याबाहेर आहे. काटाच चढत नाही, तर हवा कुठूनतरी शिरते आहे. हा एवढा भेद ज्याला कळतो, तो अंधारातही बिघाड शोधतो.

आणि इथं मराठवाड्याच्या बारवा उपयोगी पडतात. परभणी जिल्ह्यातल्या वालूरसारख्या गावांत जुन्या बारवा आहेत, आणि बारवेला पायऱ्या असतात. मोठा बंब वरच उभा राहतो. मिनिटाला २७५ लिटरचा उचलता पंप मात्र चार माणसं पायऱ्यांनी खाली, पाण्याच्या जवळ नेऊ शकतात. मग ओढण्याचं काम दोन मीटरचं उरतं, बाकी सगळं ढकलण्याचं. वर ढकलायला प्रत्येक दहा मीटरला एक किलो दाब जातो, तो या पंपाला जड नाही. खोल अरुंद जागेत इंजिनाचा धूर साचतो, म्हणून पंपाजवळ एकच माणूस आणि तोही ठराविक वेळानं बदलता. पायऱ्यांवरचं शेवाळ आणि गाळ आधीच काढलेला असेल तर हे सगळं दहा मिनिटांत जमतं. बारवा स्वच्छ करणाऱ्या तरुणांच्या मंडळांनी आपल्या तालुक्याच्या केंद्राला एकदा बोलावून पंप उतरवून पाहावा. दगड जपण्याइतकंच हेही मोलाचं काम आहे.

केंद्राच्या आवारातली जुनी विहीर किंवा आड बुजवून त्यावर पार्किंग करण्याचा मोह सगळीकडे आहे. तो आवरायला हवा. बोअर मिनिटाला १०० लिटर देत असेल तर एक बंब भरायला पाऊण तास लागतो. तेच पाणी दिवसभर ५०,००० लिटरच्या हौदात साठवलं आणि उंचावरून चार इंची नळानं सोडलं तर तीन-चार मिनिटं. विहीर, तिच्यातली मोटर, हौद, उंच टाकी आणि नळ ही साखळी जुन्या केंद्रांत आयती सापडते. फक्त मोटरला जनरेटरची जोड हवी, कारण मोठ्या आगीत पहिल्यांदा वीज तोडली जाते.

केंद्राच्या हद्दीतल्या विहिरी, बारवा, शेततळी यांची यादी घंटेच्या खोलीत फळ्यावर असावी. गाडी कुठपर्यंत जाते, पाणी किती खोल आहे, काठ पक्का आहे का, मालकाकडे किल्ली आहे का, एवढं प्रत्येकीपुढे लिहिलेलं. प्रत्येक विहिरीच्या आतल्या बाजूला, रस्त्यापासून सहा मीटरवर तेलरंगाची लाल रेषा मारायची आणि फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला जाऊन पाहायचं. पाणी रेषेखाली गेलं की त्या विहिरीचं नाव फळ्यावरून पुसायचं आणि त्या बाजूचा कॉल आला तर बंबाबरोबर दुसऱ्याच मिनिटाला टँकर सोडायचा.